टोकाला

९ नोव्हेंबर

कारखान्यात प्रत्येक मशीनची नोंद ठेवतात. कधी बंद पडलं, काय बदललं, कोणी बदललं. बिघाड झाल्यावर नुसत्या आठवणीवर काम भागत नाही. घरच्या बाबतीतही असं करून बघावं म्हणून आजपासून लिहायला घेतलंय.

एकाच आठवड्यात दोन मेल आल्या. मला नायजेरियातून. लागोसजवळ प्लास्टिकचा कारखाना, मेंटेनन्स मॅनेजर, तीन वर्षांचा करार. माझ्या बायकोला, मृण्मयीला, टोकेलाऊहून. हे पॅसिफिक महासागरात आहे, न्यूझीलंडच्या ताब्यातली तीन बेटं. तिथल्या एका बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणून दोन वर्षं. मी मुलाखती दिल्या होत्या. तिने अर्ज केल्याचं मात्र मला मेल आल्यावरच कळलं. विचारलं तर म्हणाली, "मिळेल असं वाटलं नव्हतं, म्हणून बोलले नाही." पटण्यासारखं आहे.

पिरंगुटचा आमचा प्लांट मार्चमध्ये गुजरातला हलणार, त्यामुळे मला काहीतरी धरावंच लागेल. मृण्मयी पौडच्या एका रुग्णालयात आहे, ती कधीही सोडू शकते. घर चांद्याला, अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बांधलेल्या इमारतीत. खाली आई, अण्णा आणि आम्ही दोघं. वरच्या खोल्या हिंजवडीत नोकरी करणाऱ्या पोरांना भाड्याने.

नायजेरियाच शहाणपणाचं दिसतंय. तरी रीतसर तुलना केल्याशिवाय ठरवायचं नाही.

१३ नोव्हेंबर

नायजेरिया: बावीस-तेवीस कोटी माणसं. टोकेलाऊ: तिन्ही बेटं मिळून दीड-दोन हजार. मृण्मयीच्या बेटावर पाचेकशे. आमच्या प्लांटच्या तीन पाळ्या मिळून याहून जास्त भरतील.

नायजेरियात नद्या, तेल, डोंगर, जंगल, वर वाळवंट. टोकेलाऊत नारळ आणि समुद्र. सगळ्यात उंच जागा फार तर दोन-तीन पुरुष उंचीची. आमच्या गच्चीवर उभं राहिलं तर अख्खा देश पायाखाली येईल. विमानतळ नाही. सामोआपर्यंत विमानाने जायचं आणि पुढे बोटीने एक दिवस, एक रात्र. समुद्र खवळला तर जास्त.

नायजेरियात वीज जाते, सगळीकडे जनरेटर. टोकेलाऊत सौर पॅनल आहेत. हा एक मुद्दा टोकेलाऊच्या बाजूने धरला.

आज भाताची झोडणी होती. शेत आता घरच्यापुरतंच राहिलंय, बाकीच्यावर सोसायट्या उभ्या आहेत. आईला तिथेच सांगितलं.

"कुटं म्हनलास?"

"टोकेलाऊ."

"टोकाला?"

"टोकेलाऊ, आई."

"त्येच की. टोकाला." आईने पेंढी आपटली. "गोडं पानी हाय का तितं?"

"पावसाचं साठवतात."

"भात?"

"भात पिकत नाही. बाहेरून येतो."

"मंग ही खानार काय?"

मृण्मयी पेंढ्या रचत होती. आज तिने सुट्टी घेतली होती. "मासे, आई," ती म्हणाली.

"लई लांब हाय का?"

"लई लांब हाय," मृण्मयी म्हणाली. ती पुण्यात वाढलेली, आमच्यासारखं बोलत नाही. गंमत म्हणून बोलली असावी. आई हसली नाही.

१६ नोव्हेंबर

साहिल जेवायला आला होता. शेजारच्या सूस गावचा, कॉलेजात माझ्या वर्गात होता. सहा वर्षं लागोसला आहे, आता सुट्टीवर आलाय. प्रत्यक्ष राहिलेल्या माणसाकडून ऐकावं म्हणून मुद्दाम बोलावलं.

"लागोस म्हणजे हिंजवडीचा सिग्नल रे," तो म्हणाला. "फक्त प्रत्येक गाडीत गाणी. सकाळी लवकर निघायचं, नाहीतर संपलं. लाइट जातेच. पण आली की गल्लीतली पोरं असा आरडाओरडा करतात की वर्ल्ड कप जिंकला. जनरेटरच्या आवाजाची सवय होते. मला आता सूसला त्याच्याशिवाय झोप येत नाही."

अण्णांनी विचारलं, "माणसं कशी हायेत?"

"एक नंबर, अण्णा. सकाळी भेटला की कामाचं नंतर. आधी, घरचे कसे आहेत? बायको कशी आहे? पोरं कशी आहेत? रोज विचारणार. मनापासून. पोरं नाहीत म्हटलं की म्हणणार, होतील, देव देईल. माझं लग्न व्हायच्या आधी ऑफिसातल्या बाईने चर्चमध्ये माझं नाव घेऊन प्रार्थना केली होती. माणसाला एकटं म्हणून सोडत नाहीत. वहिनी, तुम्हाला तर डोक्यावर घेतील."

मृण्मयी ताक आणायला उठली. ती बऱ्याच वेळाने आली आणि ताक न घेताच. "विसरले," म्हणाली. मग आईने आणलं.

साहिलने तिला टोकेलाऊचं विचारलं. ती म्हणाली, "रविवारी तिथे कोणी काही करत नाही. मासेमारी बंद, सगळं बंद. प्रार्थनेला जायचं आणि घरी यायचं."

"वेड लागेल, वहिनी."

"लागू दे," ती म्हणाली. सगळे हसले.

साहिलच्या बोलण्यामुळे नायजेरियाचं पारडं बरंच जड झालं. डॉक्टरलाही तिथे काम सहज मिळेल असं तो म्हणतो.

३ डिसेंबर

नायजेरियासाठी यलो फीवरची लस लागते. ती ठरावीक केंद्रातच मिळते म्हणून रजा टाकून पुण्यात जाऊन घेतली. दोघांची वेळ घेतली होती. मृण्मयी म्हणाली, "तू घे. माझी घाई नाही." डॉक्टर असून लसीचा आळस. दंड थोडा दुखतोय, ताप नाही.

१४ डिसेंबर

वरच्या कोपऱ्यातल्या खोलीतली पोरं सोडून बाणेरला गेली, कामाला जवळ पडतं म्हणून. रंभाबाई खोली धुवायला येते, पण मृण्मयी म्हणाली, "मी बघते." रविवार असल्यामुळे ती सबंध दुपार वरच होती. चहाला हाक मारायला गेलो तर भिंतीवर पोरांनी पोस्टर चिकटवले होते त्यांच्या चिकटपट्ट्या नखाने काढत होती. म्हटलं, "रंग देणारच आहोत, कशाला?" म्हणाली, "तसंच."

या खोलीचीही नोंद करून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी आम्हाला मूल होणार होतं. मुलगी होती. आठव्या महिन्यात पोटातच गेली. त्या आधी ती खोली मी पिवळी रंगवून घेतली होती, पंखा बदलला होता. नंतर महिन्याभरात भाड्याने दिली. रिकामी ठेवण्यात अर्थ नव्हता आणि मृण्मयीचीही हरकत नव्हती. निदान ती काही बोलली नाही.

५ जानेवारी

लागोसवाल्यांना महिनाअखेरीच्या आत उत्तर हवंय. टोकेलाऊला मृण्मयीने काय कळवलं ते विचारलं. "हो म्हटलंय," म्हणाली. मी म्हटलं, "म्हणजे सध्यापुरतं." ती म्हणाली, "तुझी तुलना झाली का?"

न्याय्य व्हावं म्हणून आज टोकेलाऊचे व्हिडिओ बघितले. लहानसं गाव. घरं जवळजवळ. दारात नारळ सोलत बसलेल्या बायका. प्रवाळाच्या आतल्या बाजूचं पाणी हिरवं, बाहेरचं काळसर निळं. गाड्या जवळपास नाहीतच. शाळा सुटली की मुलं कपड्यांसकट पाण्यात उड्या टाकतात आणि त्यांना कोणी ओरडत नाही.

एक विचार आला. खाऱ्या हवेत पॅनलच्या जोडण्या गंजत असणार. तिथे मेंटेनन्सच्या माणसाला काम असणार.

११ जानेवारी

या आठवड्यात टोकेलाऊबद्दल मिळेल ते वाचलं. त्यांची भाषा सामोआच्या भाषेच्या जवळची आहे. तरुण माणसं न्यूझीलंडला निघून जातात, त्यामुळे बेटांवर आहेत त्याच्या कित्येक पट टोकेलाऊचे लोक न्यूझीलंडमध्ये आहेत. म्हणजे जागा मोकळ्या असणार. हे सगळं जेवताना सांगितलं. अण्णा म्हणाले, "आता तूच टोकाला निघालास का काय?" मृण्मयी भाकरी मोडत होती. हल्ली या विषयावर मीच बोलतो.

१५ जानेवारी

काल संक्रांत. घरी हळदीकुंकू होतं. मी बाहेरच्या खोलीत होतो, बोलणं ऐकू येत होतं. रंभाबाईने मृण्मयीला विचारलं, "काय हाय का न्हाई औंदा? का आजून डाक्टरकीच?"

आई ताडकन म्हणाली, "रंभे, वाण घे आन् घरला जा."

"आगं, म्या काय वाईट इच्यारलं?"

"न्हाई. लई चांगलं इच्यारलंस. दोन वरीस झाली, समदं गाव तेच चांगलं इच्यारतंय."

मग बांगड्यांचे आवाज, आणि कोणीतरी दुसराच विषय काढला. रंभाबाई मनाने वाईट नाही. आईने एवढं तोडून बोलायला नको होतं असं मला वाटलं. मृण्मयीने मात्र काल आईला स्वतः वाढून दिलं, आणि दोघी स्वयंपाकघरात बसून जेवल्या.

१८ जानेवारी

निर्णय झाला. लागोसला फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं. म्हटलं, पत्नीची नोकरी. ते म्हणाले, मग तिकडेच जा, बायको महत्त्वाची. चांगली माणसं.

तुलनेने सिद्ध होतं ते नायजेरियाच. पगार, बढती, येण्याजाण्याची सोय, सगळं त्याच बाजूला. तरी मी टोकेलाऊ निवडलं. असं मी आजवर कधी केलेलं नाही. मृण्मयीला उद्या सांगणार. कासारसाईच्या धरणावर जाऊ म्हटलंय. लग्नानंतर एकदा गेलो होतो.

१९ जानेवारी

जसं झालं तसं लिहितो.

धरणावर गर्दी नव्हती. एक कुटुंब पायांनी चालवायच्या बोटीत बसलं होतं. बोट एकाच जागी गोल फिरत होती आणि ते सगळे हसत होते. आम्ही काठावर बसलो. मी सांगितलं की नायजेरियाला नाही म्हणून कळवलं.

"का?" ती एकदम म्हणाली.

"तुझ्याबरोबर येतोय." मग सगळं सांगितलं. पॅनलच्या जोडण्यांचं, न्यूझीलंडच्या लोकांना मी मेल करणार आहे त्याचं, डॉक्टरला घर मिळतं त्यात दोघांची सोय होईल त्याचं. तिने मधे न बोलता सगळं ऐकून घेतलं.

"जयसिंग, मी एकटी जाणार आहे."

"म्हणजे मी मागाहून येऊ?"

"नाही."

मी विचारलं, "मग आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? तू दोन देशांबद्दल विचारत होतास."

मी म्हटलं, पाचशे माणसांत राहणं म्हणजे चांद्यापेक्षा वाईट. तिथे सगळ्यांना सगळं कळणार.

"मी सांगेन तेवढंच कळेल. इथे मी दळण आणायला गेले तरी बायका आधी पोटाकडे बघतात. त्यांची चूक नाही. पण मला दमायला झालंय." थोड्या वेळाने ती म्हणाली, "तू तिला बघितलंसुद्धा नाहीस."

"डॉक्टर म्हणाले होते, बघितलं नाही तर सोपं जाईल."

"कोणाला?"

"मला."

"हं," ती म्हणाली. "तुला."

बोट अजून गोल फिरत होती. काठावरचा माणूस त्यांना ओरडून सांगत होता, दोघांनी एकदम पाय मारा.

"तू वाईट नाहीस," मृण्मयी म्हणाली. "कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. पण तुझ्याशेजारी बसून मला रडता येत नाही. मी रडायला लागले की तू उठून काहीतरी दुरुस्त करायला घेतोस. त्या आठवड्यात तू घरातले सगळे नळ बदललेस."

नळ गळत होते. हे मी तिला सांगितलं नाही.

"वेगळं व्हायचंय का?" मी विचारलं.

"माहीत नाही. आत्ता फक्त जायचंय."

येताना वाटेत तिने गाडी थांबवायला सांगून स्ट्रॉबेरी घेतल्या. अण्णांना आवडतात.

२७ जानेवारी

लागोसला परत फोन केला. जागा भरली आहे. पुढे काही निघालं तर कळवू म्हणाले. बायको कशी आहे, असंही विचारलं. बरी आहे म्हणालो.

४ फेब्रुवारी

मृण्मयी कामावर गेली होती. अण्णा ग्रामपंचायतीत. आई अंगणात तांदूळ पाखडत होती. मी विचारलं, "ती एकटी चाललीय हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"कधीपासून?"

"झोडनीच्या दिशी. लई लांब हाय म्हनली तवा तिचं त्वांड बघितलं न्हाईस का तू?"

"मग मला बोलली का नाहीस?"

आईने सूप खाली ठेवलं. "तुला काय बोलायचं, बाळा? दवाखान्यातनं घरी आनली, आन् तिसऱ्या दिशी तू कामावर. ती उठून तुझा डबा भरत व्हती. टाक्यांचं दुखनं, छाती दुधानं ठनकतीया, आन् डबा भरतीया. म्या म्हनलं, नगं भरूस. तर म्हनली, जाऊ द्या आई, कामावर गेला की त्याला बरं वाटतं."

छातीचं मला माहीत नव्हतं. मूल नसताना दूध येतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आई पुन्हा पाखडायला लागली. "तुला वाईट वाटलं न्हाई आसं म्या म्हनत न्हाई," ती म्हणाली. "पर ते कुनाला दिसलं न्हाई."

२६ फेब्रुवारी

मृण्मयी आज गेली. अण्णा गावात सगळ्यांना सांगत होते, सून परदेशी डॉक्टर म्हणून निघाली. त्यांना पूर्ण माहीत आहे की नाही, मला सांगता येत नाही. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

आईने लसणाची चटणी आणि घरचा तांदूळ बांधला होता. मृण्मयी म्हणाली, "आई, न्यूझीलंडला काढून घेतात. असलं काही नेऊ देत नाहीत."

"चटनीनं काय व्हतंय त्यांना?"

"नियम आहे."

"मंग हितंच खाऊन जा," आई म्हणाली. गाडी दारात उभी. मृण्मयीने सॅक खांद्यावरून उतरवली आणि उंबऱ्यात बसून चटणीभाकरी खाल्ली. आई शेजारी बसली. कोणीही घाई केली नाही, मीसुद्धा.

मुंबईच्या विमानतळावर ती म्हणाली, "फोन करेन. तिथे नेट असतं." मी म्हटलं, "कर." ती आत गेली. काचेतून काही वेळ दिसत होती.

येताना गाडीचा उजवा इंडिकेटर बंद पडला होता. घरी पोचल्यावर दुरुस्त करायला घेतला. मग तसाच ठेवला आणि आत जाऊन आईशेजारी बसलो.

१५ मार्च

प्लांटमधलं शेवटचं मशीन ट्रकवर चढवलं. साहिलचा फोन होता. लागोसला त्याच्याच ओळखीच्या कारखान्यात जूनमध्ये जागा निघेल, येतोस का म्हणाला. विचार करतो म्हटलं. या खेपेला तुलना करायला दुसरं काही नाही.

२९ मार्च

सकाळी मृण्मयीचा फोन आला, बेटावरून पहिलाच. तिथे दुपार कलली होती. मागे कोंबडा आरवत होता आणि समुद्राचा आवाज होता. आधी मला तो फोनचाच आवाज वाटला.

बोटीत ती सबंध प्रवासभर आजारी होती म्हणाली. दवाखाना लहान, पण नर्सा चांगल्या. लोकांनी फुलांच्या माळा घातल्या, गाणी म्हटली. आणि काल सगळ्या गावाने मिळून मासेमारी केली. आलेले मासे किनाऱ्यावर ओतले आणि घराघराला वाटले. श्रीमंत-गरीब काही नाही, घरात जितकी माणसं तितके वाटे. म्हातारी असो की काल जन्मलेलं बाळ असो, प्रत्येकाचा वाटा.

"माझा नंबर आला तेव्हा विचारलं, घरात किती?" ती म्हणाली.

"मग?"

"मी म्हटलं, एक."

"बरोबर आहे," मी म्हणालो.

पूर्वी मी अशा वेळी नेटचा वेग विचारला असता. आज तोंडून दुसरंच आलं. मी विचारलं, "ती कोणासारखी दिसत होती?"

ती म्हणाली, "नाक तुझं होतं. बसकं." मग हसली, मग तिला रडू आलं. मी जागचा हललो नाही. रडणं थांबल्यावर ती बोलायला लागली. केस कसे होते, बोटं कशी होती, किती वेळ जवळ ठेवायला दिलं, कोणत्या कपड्यात गुंडाळलं होतं. मी मधे मधे विचारत होतो. ती सांगत होती. सगळं ऐकलं. ते इथे लिहीत नाही.

फोन ठेवून बाहेर आलो. आई अंगणात वरच्या पोरांना गाड्या नीट लावायला सांगत होती. मला बघून थांबली.

"काय म्हनली?"

"बरी आहे. मासे खातेय." मग म्हटलं, "नाक माझ्यासारखं होतं म्हणाली. बाळाचं."

आईने पदराने हात पुसले.

"व्हय," ती म्हणाली. "म्या बघितलं व्हतं की."